रविवारी उडणारी माणसे, सोमवारी आलेले युद्ध : ग्लासगोच्या ६०२ क्रमांकाच्या सहायक स्क्वाड्रनचा प्रकरण अभ्यास

१६ ऑक्टोबर १९३९ हा सोमवार होता. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून सहा आठवडे झाले होते, आणि तोवर ब्रिटिश भूमीवर हवाई हल्ला झालेला नव्हता. त्या दुपारी जर्मनीच्या झिल्ट बेटावरच्या तळावरून निघालेली युंकर्स ८८ जातीची जर्मन बॉम्बफेकी विमाने स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फर्थ ऑफ फोर्थ या खाडीवर आली. रोसाइथच्या आरमारी तळाजवळ नांगरलेल्या युद्धनौका हे त्यांचे लक्ष्य होते. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावरच्या अनेकांना हा सराव आहे असेच वाटले. हल्लेखोरांच्या मागे लागलेली स्पिटफायर ही लढाऊ विमाने दोन स्क्वाड्रनची, म्हणजे हवाई तुकड्यांची, होती : एडिंबरोची ६०३ आणि ग्लासगोची ६०२. ६०३च्या पॅट गिफर्ड यांनी एक विमान समुद्रात पाडले आणि त्यानंतर काही मिनिटांतच ६०२च्या जॉर्ज पिंकर्टन यांनी हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या हेल्मुट पोले यांचे विमान पाडले.

गिफर्ड व्यवसायाने वकील होते आणि पिंकर्टन शेतकरी. पिंकर्टन यांच्या शेजारून उडणारे आर्ची मकेलर इमारतींच्या प्लॅस्टरकामाच्या धंद्यातले होते. शाही हवाई दलाच्या नियमित सेवेत यांपैकी कोणीही नव्हते. आठवडाभर आपापला व्यवसाय करायचा, शनिवार-रविवारी आणि आठवड्यातल्या एखाद-दुसऱ्या संध्याकाळी विमानतळावर यायचे आणि वर्षातून दोन आठवडे शिबिराला जायचे, अशा अटीवर ते सहायक हवाई दलात दाखल झाले होते. ब्रिटनवरच्या पहिल्या हवाई हल्ल्याला तोंड दिले ते अशा दोन अर्धवेळ स्क्वाड्रननी, आणि तेही देशातल्या सर्वांत आधुनिक लढाऊ विमानांतून. हे कसे घडू शकले, आणि ज्या रचनेमुळे ते घडले ती रचना पुढे टिकली का, हा या अभ्यासाचा विषय आहे. या प्रश्नाला बहुधा ‘हौस आणि हिंमत’ असे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे, कारण हौस आणि हिंमत इतर स्क्वाड्रनांतही होती आणि तरीही सर्वांचे अनुभव सारखे झाले नाहीत.

कल्पना आणि तिची रचना

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनचे हवाई दल झपाट्याने आकसले. हवाई दलप्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांचा आग्रह असा होता की नियमित दल लहान ठेवायचे असेल, तर त्यामागे नागरिकांमधून उभे राहिलेले राखीव बळ हवे. भूदलाकडे प्रादेशिक सेनेची परंपरा होतीच. हवाई दलाला तसा आधार नव्हता. विमान उडवणे आणि त्याची देखभाल करणे हे इतके तांत्रिक काम आहे की ते सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांना जमणार नाही, हा मुख्य आक्षेप होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. १९२४ साली त्यासंबंधीचा कायदा झाला. त्यातून दोन प्रकारच्या स्क्वाड्रन निघाल्या. पाचशेच्या पुढचे क्रमांक मिळालेल्या विशेष राखीव स्क्वाड्रनमध्ये प्रमुख आणि बरेचसे मनुष्यबळ नियमित सेवेतले असे. सहाशेच्या पुढचे क्रमांक मिळालेल्या सहायक स्क्वाड्रन मात्र त्या त्या शहराने किंवा परगण्याने उभारायच्या होत्या. त्यांची भरती स्थानिक प्रादेशिक संघटना करत, त्यांचे बहुतेक अधिकारी अर्धवेळ असत, आणि कालांतराने त्यांचे नेतृत्वही अर्धवेळ अधिकाऱ्यांकडेच असावे अशी कल्पना होती. पुढे १९३६च्या सुमारास विशेष राखीव हा प्रकारच सहायक दलात विलीन करण्यात आला. दोन्ही नमुने दहा वर्षे शेजारी शेजारी चालवून पाहिल्यानंतर शहराशी बांधलेला नमुना सरकारने राखला, ही गोष्ट मला या प्रकरणात महत्त्वाची वाटते.

१२ सप्टेंबर १९२५ रोजी ग्लासगोजवळच्या रेनफ्रू येथे ६०२ क्रमांकाची स्क्वाड्रन स्थापन झाली. सहायक स्क्वाड्रनांपैकी ही पहिली. पहिल्या महायुद्धातील डीएच ९ए या जुन्या विमानांवर तिची सुरुवात झाली. ‘अर्धवेळ’ या शब्दाने एक गैरसमज होतो, तो इथेच दूर केला पाहिजे. स्क्वाड्रनचा दैनंदिन गाडा हौशी लोकांच्या भरवशावर चालत नसे. नियमित सेवेतला एक ॲडज्युटंट (प्रशासकीय कामे पाहणारा अधिकारी), उड्डाण शिकवणारे प्रशिक्षक आणि पूर्ण वेळ काम करणारे मोजके कर्मचारी तिथे कायम असत. विमाने आठवडाभर तपासली जात, नोंदी ठेवल्या जात, आणि शनिवारी मंडळी आली की यंत्रणा तयार असे. जमिनीवरचे सहायक कर्मचारी म्हणजे इंजिन सांभाळणारे फिटर, विमानाचा सांगाडा सांभाळणारे रिगर आणि शस्त्रे भरणारे लोक ग्लासगोचेच होते. क्लाइड नदीच्या काठी जहाजबांधणीवर आणि यंत्रोद्योगावर उभ्या राहिलेल्या शहराला कुशल हातांची वाण नव्हती. अधिकारी बहुतांशी सुखवस्तू घरांतून येत, आणि सैनिक कामगार व कारागीर वर्गातून. ही दरी खरी होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही एकाच शहरातली, एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारी ही माणसे होती, आणि नियमित स्क्वाड्रनला नेमके हेच दुर्मीळ असते. नियमित सेवेत अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. ६०२मध्ये तोच वैमानिक आणि त्याच्या विमानाची काळजी घेणारा तोच फिटर अनेक वर्षे एकत्र राहू शकत.

पूर्णियाहून एव्हरेस्टकडे

१९३३च्या जानेवारीत स्क्वाड्रन ॲबट्सिंच येथे हलली. तिचे प्रमुख तेव्हा क्लाइड्सडेलचे मार्क्विस डग्लस डग्लस-हॅमिल्टन हे होते. ते संसद सदस्य होते आणि स्कॉटलंडचे मिडलवेट मुष्टियुद्ध विजेतेही राहिलेले होते. लेडी ह्यूस्टन या धनाढ्य ब्रिटिश महिलेच्या पैशावर आखलेल्या एव्हरेस्ट हवाई मोहिमेसाठी मुख्य वैमानिक म्हणून त्यांची निवड झाली आणि दुसऱ्या विमानासाठी त्यांच्याच स्क्वाड्रनमधले डेव्हिड मॅकिंटायर निवडले गेले. या मोहिमेचा तळ बिहारमध्ये पूर्णियाजवळ लालबालू इथे होता. तिथून शिखर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. ३ एप्रिल १९३३ रोजी वेस्टलँड कंपनीची दोन दुपंखी विमाने तिथून निघाली आणि इतिहासात पहिल्यांदाच माणसे एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडाली. क्लाइड्सडेल यांच्याबरोबर कर्नल ब्लॅकर होते आणि मॅकिंटायर यांच्याबरोबर छायाचित्रकार बॉनेट. वैमानिकांची आसनकक्षा उघडी होती. भरवसा विजेवर तापणारे कपडे आणि नळीतून येणारा प्राणवायू यांच्यावरच होता. बॉनेट यांची प्राणवायूची नळी मध्येच फुटली आणि तिच्याभोवती रुमाल गुंडाळता गुंडाळता ते बेशुद्ध पडले. विमान खाली आल्यावरच त्यांना शुद्ध आली. धुळीच्या थरामुळे त्या दिवशीची मोजणीची छायाचित्रे समाधानकारक आली नाहीत, म्हणून १९ एप्रिलला दुसरे उड्डाण झाले.

भारतीय वाचकाला ही मोहीम स्वतंत्र साहसकथा म्हणून माहीत असते. स्क्वाड्रनच्या इतिहासात तिचे मोल वेगळे आहे. बिहारच्या मैदानातून निघून सुमारे नऊ हजार मीटर उंचीवर विमान नेणे हे कसबाचे काम होते, आणि ते ज्या दोघांनी केले ते दोघेही एका अर्धवेळ स्क्वाड्रनचे अधिकारी होते. ‘सुट्टीतले वैमानिक’ या शब्दप्रयोगातली तुच्छता त्यानंतर टिकणे कठीण होते. मॅकिंटायर पुढे १९३६ ते १९३८ या काळात स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. १९३५ साली या दोघांनीच प्रेस्टविक येथे वैमानिक प्रशिक्षणासाठी कंपनी उभी केली आणि तिथूनच पुढे प्रेस्टविकचा विमानतळ वाढला. शहर स्क्वाड्रनला माणसे देत होते आणि स्क्वाड्रन त्या भागाला विमान उद्योग देत होती. (डग्लस-हॅमिल्टन यांचे नाव सर्वांना माहीत झाले ते मात्र १० मे १९४१ रोजी हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस एकटाच विमानाने स्कॉटलंडमध्ये उतरला आणि त्याने त्यांचीच भेट मागितली, त्या प्रसंगाने. त्याचा ६०२च्या कामगिरीशी संबंध नाही.)

चार महिन्यांची घाई

तेरा वर्षे ही स्क्वाड्रन हलकी बॉम्बफेकी विमाने उडवत होती. डीएच ९एनंतर फॉन, मग वॅपिटी, हार्ट, हाइंड. १९३८च्या अखेरीस तिला भूदलाला साहाय्य करण्याचे काम आणि हेक्टर विमाने देण्यात आली, पण ते काम नीट अंगवळणी पडण्याआधीच, जानेवारी १९३९मध्ये, तिचे रूपांतर लढाऊ स्क्वाड्रनमध्ये झाले. सुरुवातीला मिळालेले गाँटलेट हे उघड्या आसनकक्षेचे, न मिटणाऱ्या चाकांचे दुपंखी विमान होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्पिटफायर आली. सहायक दलात स्पिटफायर मिळालेली ही पहिलीच स्क्वाड्रन. अनेक नियमित स्क्वाड्रनांना ती तेव्हा मिळालेली नव्हती. मिटणारी चाके, बंद आसनकक्षा, आठ मशिनगन आणि आधीच्या विमानांपेक्षा कितीतरी अधिक वेग, हे सारे वकिलांनी, शेतकऱ्यांनी आणि कारकुनांनी एका उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांमध्ये शिकायचे होते. ऑगस्टच्या अखेरीस सहायक स्क्वाड्रनांना पूर्ण वेळ सेवेत बोलावण्यात आले, तेव्हा त्यांच्या हाती नव्या विमानाचा जेमतेम चार महिन्यांचा सराव होता. हे चार महिने मिळाले नसते, तर आधीच्या चौदा वर्षांचा उपयोग ऑक्टोबरमध्ये झाला नसता. उलट, आधीची चौदा वर्षे नसती, तर चार महिन्यांत हे विमान हातात बसले नसते. या दोन्ही गोष्टी एकत्र असणे हाच मला या प्रकरणाचा गाभा वाटतो.

ऑक्टोबरच्या हल्ल्याच्या तीनच दिवस आधी स्क्वाड्रन एडिंबरोच्या पूर्वेला ड्रेम येथे आली होती. १६ तारखेच्या सकाळीच पिंकर्टन, मकेलर आणि पॉल वेब यांनी टेहळणीला आलेल्या हाइन्केल या जर्मन बॉम्बफेकी विमानावर गोळीबार केला होता. ते ढगांचा आधार घेऊन निसटले. दुपारी खरी गाठ पडली. २८ ऑक्टोबरला ६०२ आणि ६०३ यांनी मिळून एक हाइन्केल लॅमरम्युअरच्या टेकड्यांमध्ये हम्बी गावाजवळ जमिनीवर उतरायला लावले. त्या युद्धात ब्रिटनच्या मुख्य भूमीवर कोसळलेले ते पहिले शत्रूचे विमान होते.

ड्रेमचा एक धागा सहसा दुर्लक्षिला जातो. स्पिटफायरचे नाक लांब आहे आणि रात्री इंजिनाच्या धुराड्यांतून निघणाऱ्या ज्वाळा वैमानिकाचे डोळे दिपवतात. अंधारात ती उतरवणे जिवावरचे काम होते. या तळावर रिचर्ड ॲचर्ली यांच्या देखरेखीखाली धावपट्टीभोवती अशी दिव्यांची मांडणी विकसित झाली, की उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला वाट दिसावी, पण इतर कोनांतून उजेड फारसा दिसू नये. ‘ड्रेम प्रकाशयोजना’ याच नावाने ती पुढे हवाई दलात सर्वत्र स्वीकारली गेली.

वेस्टहॅम्पनेट

१३ ऑगस्ट १९४० रोजी स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वेस्टहॅम्पनेट येथे उतरली. टँगमीर या मोठ्या तळाला जोडलेले हे गवताचे मैदान मुळात अडचणीत सापडलेल्या विमानांसाठी राखून ठेवलेले होते. जर्मनीने आपल्या मोठ्या हवाई आक्रमणाला त्याच दिवशी सुरुवात केली. स्क्वाड्रनचे प्रमुख तेव्हा सँडी जॉन्स्टन होते. ते युद्धाच्या आधीपासून ६०२मध्येच वाढलेले. जमिनीवरचे ग्लासगोकर कर्मचारीही तिच्याबरोबर दक्षिणेत आले होते.

१६ ऑगस्टला डुबकी मारून बॉम्ब टाकणाऱ्या स्टुका विमानांनी टँगमीर उद्ध्वस्त केले. १८ ऑगस्टला स्टुकांचे मोठे थवे पुन्हा किनाऱ्यावर आले आणि फोर्डच्या आरमारी विमानतळावर बॉम्ब टाकून परतणाऱ्या थव्याला ६०२ने गाठले. त्या दिवशी स्टुका पथकांची इतकी हानी झाली की त्यानंतर त्यांना या लढाईतून जवळजवळ मागे घेण्यात आले. २६ ऑगस्टला हेक्टर मॅक्लीन यांच्या विमानात तोफगोळा फुटला आणि त्यांच्या एका पायाचा घोट्याजवळ चुराडा झाला. त्याही स्थितीत त्यांनी विमान टँगमीरपर्यंत आणले. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. बरे झाल्यावर ते जमिनीवरून लढाऊ विमानांचे नियंत्रण करणाऱ्या कक्षात काम करू लागले. मॅक्लीन हे ग्लासगोचे वकील होते. असा एकेक प्रसंग वाचताना मनावर दडपण येते ते शौर्यामुळे नव्हे, तर या माणसांना परतायला एक साधे, ठरलेले आयुष्य होते, या जाणिवेमुळे.

डिसेंबरपर्यंत, म्हणजे चार महिने, ६०२ त्याच मैदानावरून लढत राहिली. इथे तुलनेसाठी दुसऱ्या एका सहायक स्क्वाड्रनकडे पाहणे आवश्यक आहे. दक्षिण यॉर्कशरची ६१६ ही सर्वांत तरुण सहायक स्क्वाड्रनांपैकी एक. तिची स्थापना नोव्हेंबर १९३८ची. १९ ऑगस्टला ती लंडनजवळच्या केन्ली तळावर आली आणि दोनच आठवड्यांत जबर हानी सोसून तिला मागे घ्यावे लागले. दोन्ही स्क्वाड्रन शहराशी, परगण्याशी बांधलेल्या होत्या; विमान तेच होते आणि शत्रूही तोच. फरक पडला तो एकत्र घालवलेल्या वर्षांचा आणि अनुभवी नेत्यांच्या संख्येचा. केन्लीवरचा ताण वेस्टहॅम्पनेटपेक्षा अधिक होता आणि त्या काळी शिकवली जाणारी घट्ट उड्डाणरचना घातक होती, या गोष्टीही हिशेबात धरल्या पाहिजेत. परंतु त्या धरूनही वर्षांचा फरक पुसला जात नाही. ६१६ची घडी पुन्हा बसवायला त्या सप्टेंबरात ज्यांना पाठवले गेले ते मार्कस रॉबिन्सन ६०२मध्येच तयार झालेले होते.

नाव तेच, माणसे वेगळी

रॉबिन्सन यांच्या बदलीत या रचनेची दुसरी बाजू दिसते. ज्या स्क्वाड्रनमध्ये नेते तयार होतात तिच्यातून ते बाहेर नेले जातात. मकेलर त्याआधीच ६०५ स्क्वाड्रनमध्ये गेले होते आणि पुढे तिचे प्रमुख झाले; ७ ऑक्टोबर १९४० या एकाच दिवशी पाच शत्रुविमाने पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. १ नोव्हेंबर १९४० रोजी ते मारले गेले. १९४०च्या या हवाई संघर्षाची, म्हणजे ‘ब्रिटनच्या लढाई’ची, अधिकृत मुदत ३१ ऑक्टोबरला संपते, त्यामुळे त्या लढाईत मृत्यू पावलेल्यांच्या यादीत त्यांचा समावेश झाला नाही. एका दिवसाच्या या फरकाची खंत ग्लासगोत अनेकांना वाटत आली आहे, आणि मलाही ती रास्त वाटते.

युद्ध सुरू झाल्यानंतर सहायक दलात नवी भरती बंद झाली; नवे वैमानिक १९३६ साली स्थापन झालेल्या स्वयंसेवी राखीव दलाच्या नावाने येत. ते दल व्यक्तींचे होते. त्याच्या स्वतःच्या स्क्वाड्रन नव्हत्या. १९४१च्या उत्तरार्धात ६०२चे प्रमुख न्यूझीलंडचे ॲल डीअर होते आणि १९४२च्या आरंभी आयर्लंडचे पॅडी फिनुकेन. पुढे तिच्यात पिएर क्लोस्टरमान यांच्यासारखे फ्रेंच वैमानिक आले आणि नॉर्मंडीच्या मोहिमेत दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस ल रू प्रमुख होते. १७ जुलै १९४४ रोजी जर्मन सेनापती रोमेल यांच्या मोटारीवर झालेल्या हल्ल्याचे श्रेय ल रू यांना दिले गेले, पण त्यावर इतरांचेही दावे आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधून लंडनवर सुटणाऱ्या जर्मन व्ही-२ अग्निबाणांच्या ठिकाणांवर ६०२ने सातत्याने हल्ले केले. १८ मार्च १९४५ रोजी हेगमधल्या शेल-मेक्स इमारतीवर छपरांच्या उंचीवरून केलेला हल्ला त्यांपैकीच एक. काम चोख झाले. परंतु ग्लासगोची म्हणावी अशी ती स्क्वाड्रन आता नावापुरतीच उरली होती. १५ मे १९४५ रोजी ती विसर्जित झाली.

शांततेत पुन्हा, आणि १९५७

१९४६मध्ये ॲबट्सिंचवर ती पुन्हा उभी राहिली, आणि उभी करणारे तेच मार्कस रॉबिन्सन होते. युद्धातून परतलेले अनुभवी लोक शनिवार-रविवारी येऊ लागले. डिसेंबर १९४७मध्ये सहायक हवाई दलाला ‘शाही’ हे विशेषण मिळाले, १९५१मध्ये व्हँपायर ही जेट विमाने मिळाली आणि कोरियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर त्याच वर्षी तीन महिने सर्वांना पूर्ण वेळ सेवेत बोलावण्यात आले. याच सुमारास स्वतंत्र भारतानेही १९५२ साली राखीव व सहायक हवाई दलांचा कायदा केला आणि त्याखाली मुंबईच्या नावानेही एक सहायक स्क्वाड्रन निघाली. कल्पना अजून जिवंत होती.

पण विमान बदलले होते. १९३९मध्ये रविवारी विमान उडवणारा आणि रोज उडवणारा यांच्यात जे अंतर होते, ते चार महिन्यांत भरून काढता आले. मागे वळलेल्या पंखांच्या नव्या जेट विमानांसाठी लागणारी लांब धावपट्टी, सरावाचे तास, सुटे भाग आणि खर्च पाहता ते अंतर भरून निघण्यासारखे राहिले नव्हते. म्हणून ती विमाने सहायक स्क्वाड्रनांना दिलीच गेली नाहीत. जुन्या विमानांवर त्या काही वर्षे चालल्या आणि जानेवारी १९५७मध्ये सरकारने निर्णय जाहीर केला. १० मार्च १९५७ रोजी ६०२सह सर्व सहायक उड्डाण स्क्वाड्रन एकाच दिवशी विसर्जित झाल्या. तांत्रिक कारण पटण्यासारखे आहे. परंतु माणसे, ओळखी आणि कौशल्य यांची जी वीण तीस वर्षांत तयार झाली होती, तिला दुसरे कोणते काम देता येईल याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला नाही, असे माझे मत आहे. वाहतूक किंवा टेहळणीसाठी ती वीण उपयोगी पडली असती.

ॲबट्सिंचचे मैदान १९६६पासून ग्लासगोचा नागरी विमानतळ आहे. युद्धानंतर ६०२मध्ये उडालेली एलए १९८ क्रमांकाची स्पिटफायर शहरातल्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयाच्या दालनात छताला टांगलेली आहे, आणि तिच्याखाली ‘सर रॉजर’ या नावाने ग्लासगोच्या मुलांना ठाऊक असलेला पेंढा भरलेला हत्ती उभा आहे. १ जुलै २००६ रोजी ६०२ स्क्वाड्रन ग्लासगोत तिसऱ्यांदा स्थापन झाली. तिच्याकडे आता विमाने नाहीत. मोहिमांना साहाय्य करणारे प्रशिक्षित लोक पुरवणे हे तिचे काम आहे. भरती मात्र पूर्वीसारखीच शहरातून आणि आसपासच्या भागातून होते, आणि येणारी माणसे आठवडाभर आपापल्या कामावर असतात.